तीस म्हणजे किती

मर्ल डॅनहरच्या पायाला भिंगरी आहे, असं ऑस्ट्रेलियातल्या आमच्या यारांडी गावात कोणीही सांगितलं असतं. बाई खुर्चीत टेकलेली कोणी पाहिली नव्हती. चहा उभ्याने, दुपारचं जेवण गाडीच्या बॉनेटवर डबा ठेवून. नवऱ्याच्या अंत्यविधीला पाद्री बोलत असताना ही दोनदा दाराशी जाऊन पश्चिमेकडचं आभाळ बघून आली. लोक कुजबुजले. कुजबुजू देत. फेब्रुवारी होता, भात उभं होतं, आणि तिकडे ढग जमत होते.

तिचं कामच तसं होतं. मरमबिजी नदीचं पाणी पाटांनी आमच्याकडे येतं, भाताच्या खाचरांत उभं राहतं आणि सांडलेलं पाणी मोठ्या चरात उतरून खाली दलदलीकडे जातं. पाटातून कोणाला किती पाणी दिलं हे मोजायला चाकं आहेत, दारं आहेत, आणि त्यावरून भांडायला माणसंही आहेत. पण पाऊस पडला की भरलेल्या भातातून चरात किती पाणी येईल, ते पाणी येण्याच्या आधी सांगावं लागतं. सिंचन संस्थेने हे काम मर्लकडे दिलं होतं. ती सांगेल तो अंदाज गावात 'मर्लचा आकडा' म्हणून ओळखला जायचा. त्यावर चराची दारं वरखाली व्हायची, आणि कोणाची झोपही.

कोरड्या रानाचं सोपं असतं. जमीन निम्मा पाऊस पिऊन टाकते. भाताची जमीन आधीच पोटभर प्यालेली, ती एक थेंब घेत नाही. तिथे बघायची ती एकच गोष्ट, खाचरात रिकामी जागा किती. प्रत्येक शेताच्या खालच्या तोंडाला एकावर एक लाकडी फळ्या बसवलेल्या असतात. पाणी वरच्या फळीच्या चार बोटं खाली असेल तर चार बोटं पाऊस आत मावतो. काठोकाठ असेल तर पडेल तो सगळा चरात. त्यात वाऱ्याचं बघायचं, कारण वारा पाणी एका कडेला ढकलतो आणि त्या कडेची फळी आधी सांडते. शेतकरी खोटं किती बोलतो हेही बघायचं. "चार बोटं खाली आहे गं," म्हणणाऱ्याच्या खाचरात मर्ल स्वतः लाकडी पट्टी बुडवून यायची. चार बोटं क्वचितच निघायची.

एरवी तिचे आकडे बरे निघायचे. गाडी अडली ती आदल्या वर्षीच्या जानेवारीत, आणि तीसुद्धा एका शब्दावर.

आमच्याकडची जुनी माणसं अजून पाऊस पॉइंटात मोजतात. शंभर पॉइंट म्हणजे एक इंच. सरकारने मिलिमीटर आणून वीस वर्षं होऊन गेली, शाळेतली पोरं मिलिमीटरातच बोलतात, पण क्लॅरी टॉमकिनसारख्यांना विचारलं तर ते म्हणायचे, "माझ्याकडे पाऊस इंचातच पडतो, सरकारकडे कसाही पडू दे." आणि तोंडी बोलताना 'पॉइंट' हा शब्दही कोणी उच्चारत नाही. चाळीस झाला, साठ झाला, एवढंच. ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याचं वय बघून समजून घ्यायचं.

क्लॅरीचं शेत पार पश्चिमेला. सावकाश सरकणारा पाऊस त्याच्याकडे आज पडला की आमच्याकडे उद्या पडतो, आणि बहुतेक तेवढाच. म्हणून मर्ल पहिला फोन त्याला करायची. आदल्या जानेवारीत क्लॅरी म्हणाला, "साठ. बँकेनं दिलेल्या नव्या मापकातून वाचतोय, एकदम चकचकीत आहे." नवं मापक म्हणजे मिलिमीटर, असं मर्लने धरलं. साठ मिलिमीटर पाऊस म्हणजे चर फुटणार. तिने तीसेक घरांना फोन करून प्रत्येकाला वरची एक फळी काढायला लावली, म्हणजे खाचरात पावसाला जागा होईल. क्लॅरीने त्या चकचकीत मापकावर चाकूने स्वतः पॉइंटाच्या जुन्या खुणा कोरून घेतल्या होत्या, हे तिला नंतर कळलं. पाऊस आला तो शिंतोड्यासारखा. त्याच्या मागोमाग आली ऐन उन्हाळ्यात दक्षिणेची थंडी. भात पोटरीत होतं, लोंबी अजून ताटाच्या पोटातच. त्या दिवसांत थंडी पडली तर खोल पाणी हीच भाताची गोधडी, आणि ती गोधडी मर्लने सगळ्यांच्या अंगावरून ओढून घेतली होती. कापणीला लोंब्या ताठ उभ्या राहिल्या, कारण दाणे पोचट होते.

तोंडावर कोणी काही बोललं नाही. आमची माणसं तोंडावर बोलत नाहीत, टोमणे मारतात. क्लबात मर्लने बिअर मागितली की डार्सी फुल्टन सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा, "पॉइंटात हवी की मिलिमीटरमध्ये?" डार्सीची सगळ्यात मोठी खाचरं वाया गेली होती, त्यामुळे हसण्याचा हक्क त्याला होता, आणि तो त्याने वर्षभर वापरला. लोक तिचा आकडा विचारेनासे झाले. ऐकला तरी "बघू" म्हणायचे. मर्ल मात्र पूर्वीपेक्षा जास्त फिरू लागली. संस्थेचं पेट्रोल जाळायची, पट्ट्या बुडवायची, घरी आली की अंगणात येरझाऱ्या घालायची.

तिला पूर्वीसारखं जवळ केलं ते एकट्या नेल्लो बोर्तोलात्सोने. नेल्लो भाताचा माणूस नव्हता, खरबुजांचा होता. सत्तरी ओलांडलेला, बायको गेलेली, मुलगी पिया लग्न होऊनही बापाच्याच रानात राबणारी. चराच्या अगदी खालच्या टोकाला त्याची एक सखल पट्टी होती. माती लोण्यासारखी, पण कधी पाणी चढेल सांगता येत नाही म्हणून वर्षानुवर्षं पडीक. मर्लने त्याला सांगितलं होतं, की चर रुंद केल्यापासून आता तिथे पाणी यायचं नाही, आणि यायची पाळी आलीच तर मी आधी सांगेन. नेल्लोने ऑक्टोबरात भर क्लबात जाहीर केलं, "मी खाली खरबुजं लावतोय. मर्लच्या आकड्यावर." डार्सी खोकल्यासारखं हसला. नेल्लो त्याच्याकडे बघून म्हणाला, "तू हस. जानेवारीत एक कापून पाठवीन, मग तोंड बंद होईल."

त्या पट्टीतली खरबुजं जानेवारीत अशी भरली की पाहणाऱ्याने बोट तोंडात घालावं. बुधवारी तोडायला मजूर सांगितले होते.

सोमवारी सकाळी रेडिओवर सांगितलं की पश्चिमेकडून पाऊस आणि त्याच्या पाठीवर थंडी. पुन्हा तेच दिवस, पुन्हा पोटरीतलं भात, आणि थंडीच्या भीतीने एकूणएक खाचर काठोकाठ. चहाचा पेला हातात धरून मर्लने क्लॅरीला फोन लावला. उचलला त्याच्या बायकोने, यूनाने.

"क्लॅरी दाताच्या डॉक्टरकडे गेलाय," यूना म्हणाली. "आज तरी तोंड बंद ठेवेल असं वाटतंय. काय हवं होतं?"

"मापकात किती आहे, बघतेस?"

यूना बाहेर जाऊन आली. "तीस."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक मेंढी होती, तिच्याकडे मर्ल बघत राहिली. यूना ॲडलेडची, क्लॅरीची दुसरी बायको. माप बदललं त्याच काळात ती शाळेत पोरांना मिलिमीटर शिकवत होती, आणि क्लॅरीच्या पॉइंटांवरून त्या घरात रोज सकाळी खटका उडायचा. ही गोष्ट गावातल्या कुत्र्यालाही माहीत होती. दुसरीकडे, घर क्लॅरीचं, मापक क्लॅरीचं, खुणा क्लॅरीने कोरलेल्या.

"अजून काही विचारायचंय?" यूनाने विचारलं.

"नाही," मर्ल म्हणाली. "एवढंच." आणि तिने फोन ठेवून दिला.

तीस पॉइंट म्हणजे काहीच नाही, करंगळीच्या पेराएवढाही नाही. भरलेल्या खाचरांतून थोडं सांडेल, चर सहज पेलेल. तीस मिलिमीटर म्हणजे त्याच्या चौपट. काठोकाठ भातातून सगळाच्या सगळा चरात, आणि चर खालच्या टोकाला तुंबणार. फरक एका शब्दाचा होता आणि तो शब्द विचारायला पुन्हा एक फोन पुरला असता. मर्लने पेला विसळला. गाडीची किल्ली घेतली. परत आत येऊन फोनशी उभी राहिली, मग बाहेर गेली.

दिवसभर ती फिरली. ज्या खाचराला पट्टी लावली ते काठापर्यंत भरलेलं. कुठे अर्धं बोट, कुठे तेही नाही. डार्सीच्या बांधावर ती वाकलेली असताना तो मागून आला.

"काय मर्ल, यंदा पण फळ्या काढायला लावणार का?"

"बघतेय."

"बघ, बघ. फक्त आधी सांग, म्हणजे मी तोवर फोन उचलत नाही."

तो हसला. मर्लही हसली. हसताना तिच्या डोळ्यांसमोर ती तीस घरं आली, एकेका दारात फोन वाजतोय आणि पलीकडून तोच आवाज येतोय, पॉइंटात की मिलिमीटरमध्ये. तिने पट्टी गाडीत टाकली. क्लॅरीचं घर, क्लॅरीचं मापक, असं ती स्वतःशी म्हणाली, आणि पुढच्या शेताकडे निघाली. हे वाक्य तिने त्या दिवशी इतक्यांदा घोकलं की दुपारपर्यंत ते खरं वाटायला लागलं. संस्थेतून आकडा विचारणारा फोन आला तेव्हा तिने सांगितलं, की चर पेलेल.

नेल्लोकडे ती चार वाजता पोचली. म्हातारा खरबुजांत गुडघ्यांवर बसून एकेक फळ उलटून देठ बघत होता. पिकलेलं देठातून आपसूक सुटतं.

"आलीस? बस जरा. नको, तू कुठली बसतेस. उभ्यानेच ऐक." त्याने हातातलं खरबूज तिच्या नाकाशी धरलं. "वास घे. ह्याला म्हणतात आकडा."

"छान आहे."

"मजूर बुधवारचे सांगितलेत. पण रेडिओ काहीतरी बरळत होता. म्हणशील तर पियाला पाठवून आत्ताच बोलावतो. अंधार पडेपर्यंत निम्मी तरी निघतील. तू बोल."

मर्लने चराकडे बघितलं. पाणी नेहमीसारखं, शहाण्यासारखं वाहत होतं. पश्चिमेला एक करडी पट्टी होती, बोटभर.

"क्लॅरीकडे तीस झालाय," ती म्हणाली.

"क्लॅरीचे तीस म्हणजे मांजर पाणी पिऊन गेल्यासारखं."

"हो."

"मग बुधवार?"

"बुधवार," मर्ल म्हणाली. "काही येत नाही."

नेल्लोने ते खरबूज तिच्या हातात दिलं आणि पुन्हा कामाला लागला. गाडीत बसल्यावर मर्लने किल्ली फिरवली, बंद केली, पुन्हा फिरवली. उतरून त्याला सांगावं, की मला नक्की माहीत नाही, आज तोडून घे. एवढंच म्हणायचं होतं. त्यासाठी डार्सीला फोन करायची गरज नव्हती, कोणालाच नव्हती. पण नेल्लोला तसं सांगितलं तर मग बाकीच्यांना का नाही सांगितलं, हा प्रश्न आलाच असता, आणि तो नेल्लोने नसता विचारला तरी तिचा तिलाच पडला असता. ती निघून गेली.

पाऊस पहाटे आला. पत्र्यावरचा आवाज ऐकून मर्लला अंथरुणातच कळलं की हे पॉइंट नव्हेत. उजाडल्यावर तिने अंगणातलं मापक बघितलं. तीसच्या वर गेलं होतं. तिने पायात बूट चढवले तेही उलटसुलट, आणि गाडी काढली.

वाटेत प्रत्येक शेताच्या तोंडाशी फळीवरून काचेसारखा पडदा पडत होता. इकडून, तिकडून, सगळीकडून पाणी चरात उतरत होतं. चर काठाला लागला होता आणि त्याचा रंग चहासारखा झाला होता. डार्सी रस्त्याच्या कडेला रेनकोट घालून उभा होता. त्याने हात करून गाडी थांबवली आणि खिडकीत वाकला.

"मानलं तुला," तो म्हणाला. "आज रात्री आठ अंशाला उतरणार म्हणतायत. आणि माझी खाचरं बघ, काठोकाठ. फळ्या काढल्या असत्या तर पुन्हा बोंबलत बसलो असतो. यंदा आकडा बरोबर निघाला तुझा. शनिवारी क्लबात ये, बिअर माझ्याकडून. पॉइंटात नाही, ग्लासात."

वर्षभर ज्या वाक्याची तिने वाट पाहिली होती ते हे असं आलं. "जाऊ दे मला," ती म्हणाली आणि क्लच सोडला.

नेल्लोच्या पट्टीत पाणी मांडीपर्यंत होतं. वेली खाली दडपल्या होत्या आणि पिकलेली खरबुजं देठातून सुटून वर आली होती. शेकडो, हळूहळू फिरत कुंपणाच्या तारेला जाऊन टेकत होती. पिया पलीकडच्या टोकाला कंबरभर पाण्यात उभी राहून ती पेट्यांत भरत होती. भरून उपयोग नव्हता. चराचं पाणी लागलेलं खरबूज दोन दिवसांत आतून सडतं, ते तिलाही माहीत होतं. पण हात चालवल्याशिवाय तिला राहवत नसावं. नेल्लो बांधावर उभा होता. टोपीतून पाणी गळत होतं.

मर्ल त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. काय बोलायचं ते तिने वाटेत ठरवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना.

"क्लॅरीकडे तीस ना?" नेल्लोने विचारलं. पाण्याकडे बघतच.

"तीस."

"पॉइंट."

ती हो म्हणाली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. क्लॅरीच्या नावावर गावात बरंच काही खपतं, हेही खपलं असतं. "मिलिमीटर होते," मर्ल म्हणाली. "फोन यूनाने घेतला होता. ती म्हणाली तीस."

नेल्लोने मान वळवली. "यूना तर मास्तरीण."

"हो."

"मग तुला कळलं नाही?"

"मी विचारलं नाही. तिने विचारलं, अजून काही हवंय का. मी नाही म्हटलं."

"का?"

"मिलिमीटर म्हणाली असती तर सगळ्यांना फोन करावे लागले असते. फळ्या काढा म्हणून. आणि परत पाऊस आला नसता, परत थंडी आली असती तर... वर्षभर ऐकलंय रे मी त्यांचं. मला परत नको होतं."

पियाच्या हातातून एक पेटी निसटली आणि पाण्यावर आपटली. नेल्लो बोलला तेव्हा आवाज चढलेला नव्हता. हिशेब जुळत नसलेला माणूस बोलतो तसं तो एकेक शब्द ठेवत गेला.

"म्हणजे तुला काल कळत होतं, की चुकलं तर कोणाचं तरी जाणार. त्यांचं गेलं तर ते रागावणार, क्लबात हसणार. माझं गेलं तर?"

मर्ल पियाच्या पेट्या मोजत राहिली.

"नेल्लो काय, तो रागावत नाही," तो म्हणाला. "हो ना? रागावणाऱ्यांना वाचवलंस आणि जो रागावणार नाही त्याच्या रानात पाणी सोडलंस."

"मी असा विचार नव्हता केला," ती म्हणाली. पण म्हणतानाच तिला कळलं की केला होता. शब्दांत नाही, पण काल दुपारी गाडीची किल्ली फिरवताना नेमका हाच केला होता. तीस घरांची भीती वाटली होती आणि या घराची वाटली नव्हती, कारण या घरात आपल्याला माफ करतात.

ती बांधावरून खाली उतरली. पाणी बुटांत शिरलं. एक खरबूज तिच्या पायाशी येऊन अडलं होतं, ते तिने दोन्ही हातांनी उचललं आणि पियाच्या पेटीकडे निघाली.

"राहू दे, मर्ल," नेल्लो म्हणाला.

तो रागावला नव्हता. रागावला असता तर ती तिथे दिवसभर उभी राहिली असती, सगळं ऐकून घेतलं असतं, आणि तिला बरंही वाटलं असतं. तो पाण्यात उतरला, तिच्या हातातलं खरबूज काढून घेतलं आणि परत पाण्यात सोडून दिलं. मग पियाकडे वळून तो काहीतरी बोलला, बरंच लांबलचक, इटालियनमध्ये. पियाने मर्लकडे एकदा बघितलं आणि बापाला त्याच भाषेत उत्तर दिलं. मर्ल घरात असली की तिला परकं वाटू नये म्हणून तो माणूस इतक्या वर्षांत तिच्यासमोर घरच्या भाषेत एक अक्षर बोलला नव्हता.